प्रेमलाचा हौद

भुईगावात हरिश्चंद्राच्या तोंडाला कुणी लागत नसे. माणूस तसा निरुपद्रवी, पण बढाया मारायला बसला की उठायचं नाव नाही. सगळ्यात मोठी बढाई त्याच्या वाडीतल्या बावखलाची, म्हणजे घरच्या तळ्याची. "आमच्या तळ्याचं पाणी म्हणजे अमृत! आमच्या रोहूला कधी चिखलाचा वास आलाय? दाखवा!" नाक्यावर बसून तो हे ऐकवायचा आणि ऐकणारे माना डोलवायचे, कारण त्याच्या घरचा मासा खरंच गोड लागायचा.

त्याची बायको प्रेमला हे ऐकून नाक मुरडायची. अमृत म्हणे! उन्हाळा लागला की त्या अमृतावर हिरवं शेवाळ धरतं आणि पाण्याला ओल्या मातीचा वास सुटतो. बीट कापताना येतो ना, अगदी तोच. मग तो माशाच्या अंगात मुरतो. हरिश्चंद्राचं काम काय, तर जाळं टाकायचं, जिवंत मासे पाटीत ओतायचे आणि मिशीवर हात फिरवत नाक्यावर जायचं. पुढचं सगळं प्रेमलाच्या गळ्यात. ती मासे विहिरीजवळच्या हौदात सोडायची, पाच दिवस उपाशी ठेवायची आणि सकाळ-संध्याकाळ जुनं पाणी उपसून विहिरीचं ताजं भरायची. तेव्हा कुठे माशातली माती निघायची. वर कालवणात चिंच, तीही सढळ हाताने. सासूने शिकवलेला हा उपद्व्याप ती बत्तीस वर्षं करत होती. कंबर गेली, पण एक दिवस चुकवला नाही.

लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात त्याने विचारलं होतं, "हौदात कशाला ठेवतेस मासे?" तिने सगळं सांगितलं. "बायकांचं खूळ," म्हणून त्याने हात झटकले आणि पुन्हा कधी विचारलं नाही. त्या दिवसापासून हा माणूस तिच्या मनातून उतरला तो उतरलाच. खातोय माझ्या कष्टाचं आणि गावभर मिरवतोय तळ्याचं, असं ती मनातल्या मनात म्हणायची.

यंदा ऐन उन्हाळ्यात मुलाचं, मितेशचं लग्न ठरलं. मुलगी एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमधली, रिद्धी. मितेशने गाडी घेतली आणि हरिश्चंद्राच्या डोक्यात नवीन किडा वळवळला.

"सोमवारी मजूर येतील. तो हौद पाडून टाकू. गाडी लावायला जागा होईल."

"अहो, हौद पाडू नका. मासे कुठे ठेवू मी?"

"मासे तळ्यात राहतात, प्रेमला! आणि ऐक, रविवारी रिद्धीच्या घरची जेवायला येतायत. सकाळी काढलेला मासा दुपारी ताटात पडला पाहिजे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना कळू दे, ताजं कशाला म्हणतात."

हुज्जत घालून उपयोग नव्हता. या माणसाला चारचौघांत तोंडावर आपटल्याशिवाय हौदाची किंमत कळायची नाही आणि हौद वाचायचा तर ते रविवारीच व्हायला हवं, एवढं तिने ठरवलं. पाहुण्यांना असं वाढायची तिला लाज वाटली, नाही असं नाही. पण फार नाही वाटली.

रविवारी दहाला मासे निघाले आणि एकला कालवण तयार. चिंचेचं बोटुकसुद्धा तिने घातलं नाही.

पानं वाढली. रिद्धीच्या वडिलांनी, श्रीरंगरावांनी, पहिला घास घेतला आणि पाण्याचा पेला उचलला. तिच्या आईने, यमुनाबाईंनी, तुकडी हळूच भाताखाली सरकवली. रिद्धी मात्र पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला. ती सरळ म्हणाली, "काकू, रागावू नका हं. याला मातीचा वास येतोय. आमच्याकडे तलावाचे नमुने येतात ना, त्यात असतो हा. जिओस्मिन म्हणतात. शेवाळातून येतो, अगदी कणभर असला तरी नाकाला कळतो."

"येतोय गं बाई, चांगला येतोय!" प्रेमला मोठ्याने म्हणाली आणि नवऱ्याचं तोंड बघायला वळली.

हरिश्चंद्र माशाचं डोकं चोखत होता.

"कसला वास? काहीतरीच! उलट आज झकास झालंय. प्रेमला, इतक्या वर्षांत आज कुठे तुला जमलं!"

मितेशचा हात ताटातच थांबला. "पप्पा, तुम्हाला खरंच वास येत नाहीये?"

"मातीचा? आयुष्यात कधी आला नाही. म्हणून तर सांगतो, आपलं पाणी अमृत!"

प्रेमला कालवणाचा डाव हातात धरून उभी राहिली. म्हणजे हा खोटं बोलत नव्हता. तिचं श्रेय लाटतही नव्हता. याला चिखल वाढला असता तरी याने मिटक्या मारल्या असत्या. एवढ्या बादल्या, एवढे उन्हाळे, आणि ते या नाकासाठी! तिला संताप आला, हसू आलं, आणि रडूही आलं. ते तिने गिळलं.

"आई, हौद राहू दे," मितेश हळूच म्हणाला. "गाडी मी गल्लीत लावीन."

तिने मान डोलावली. मग पाहुण्यांनी बाजूला सारलेल्या सगळ्या तुकड्या गोळा केल्या आणि नवऱ्याच्या ताटात नेऊन ओतल्या.

"घ्या. आणि ऐका, यापुढे तुमच्यासाठी मी एक बादलीसुद्धा उपसणार नाही."

हरिश्चंद्राने तोंडातला काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"नको उपसू," तो म्हणाला. "मी कधी सांगितलं होतं?"