सहा हजार कागदांतून वर आलेली मुलगी

इस्पितळाच्या तळघरात बसणाऱ्या बाईला सगळे कागदमावशी म्हणत. चाळीसेक वर्षांचे केसपेपर तिनं स्वतः वाचून कॉम्प्युटरवर चढवलेले. शिपाई म्हणायचा, "मावशींना माणसं चेहऱ्यानं नाही, दुखण्यानं आठवतात."

त्या सकाळी तिच्यासमोर एक शिंपी उभा होता. त्याची बायको वर ऑपरेशनसाठी आलेली. लहानपणी इथेच अपेंडिक्स काढताना भुलेत तिचा श्वास थांबला होता, एवढंच तिच्या आईनं सांगून ठेवलेलं. कोणत्या औषधानं, ते कळल्याशिवाय डॉक्टर हात लावेनात. जुन्या कागदांच्या नाव लिहिलेल्या वरच्या कडा ओलीनं खाल्लेल्या, त्यामुळे नावावरून शोधायची सोय नव्हती.

शिंप्यानं चाचपडत टाइप केलं: भूल, श्वास, थांबला. सहा हजार कागद आले. त्याचं तोंडच उतरलं.

"अहो, ऑपरेशनच्या प्रत्येक कागदाच्या तळाशी छापलंय, 'रक्तस्राव थांबला. श्वास ठीक. भूल उतरली.' तुमचे तिन्ही शब्द आले की त्यात!" मावशी म्हणाली. "बाही, कॉलर, पाठ टेबलावर टाकली म्हणजे सदरा झाला का?"

"नाही झाला," शिंपी ओशाळला.

तिनं क्रम बांधून दिला. आधी भूल, मागाहून श्वास, आणि त्याला चिकटूनच थांबला. अडतीस उरले.

"आता यादीत वर कोण बसणार ते ठरवू. सासूबाई आणखी काय म्हणायच्या?"

"पोर निळी पडली, म्हणायच्या."

"डॉक्टर 'ओठ निळे' लिहितात. 'ठीक' पानोपानी असतो, त्याला कोण विचारतो? 'निळे' क्वचित येतो. त्याला मान जास्त."

तिनं तो शब्द घातला. यादी हलली आणि तळातला एक कागद सरसर वर आला.

'मुलगी, वय सात. भूल देताच श्वास थांबला. ओठ निळे. डाव्या भुवईत जुन्या टाक्यांची खूण.'

ती भुवई शिंपी रोज सकाळी बघत होता. त्याला बायको भेटायच्या कितीतरी आधीची ती पोर, या बाईनं हाताला धरून गर्दीतून बाहेर आणली होती.

"मावशी, तुम्ही..."

"मी काही नाही. पळा!" त्या कागदावरचं भुलेच्या औषधाचं नाव ठळक लिहून तिनं चिठ्ठी त्याच्या हातात कोंबली.

वर डॉक्टरांनी ती दोनदा वाचली. मग त्यांनी स्वतःच्या भुलेच्या औषधांच्या यादीतलं पहिलंच नाव खोडलं आणि म्हणाले, "उद्या सकाळी घेऊ."