दिल्लीमार्गे आलेलं जावळ

जगात सामानाचे मालक पुष्कळ असतील, पण सामानाचा पालक मी एकच पाहिला आहे आणि तो माझा व्याही आहे. बोर्ली पंचतनजवळच्या कोळीवाड्यातल्या या गृहस्थांनी उभी हयात मच्छीमार बोटीवर तांडेल म्हणून, म्हणजे बोटीचा कर्ताधर्ता म्हणून काढली. मी अलिबागच्या कचेरीत कारकुनी केली. माझ्या मुलीने त्यांच्या मुलाशी लग्न केलं, दोघं आयर्लंडला निघून गेली आणि इकडे आम्ही दोन म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडलो. ते मला ‘ईवाय’, म्हणजे व्याही, म्हणतात. मी त्यांना तोंडावर तांडेल म्हणतो आणि पाठीमागे काय म्हणतो ते सांगण्यासारखं नाही.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघे नातीला बघायला निघालो, तेव्हा त्यांनी आपल्या बॅगेला जुन्या हिरव्या जाळ्याचा तुकडा गुंडाळून अशी गाठ मारली, की तिच्यापुढे सरकारी लाखेचं सीलही पाणी भरेल. मी आकड्यांचं कुलूप सुचवलं. ते म्हणाले, “जो आकडा माज्या ध्यानात रवाचा न्हाय, तो चोराच्या ध्यानात रवंल. आसलं कुलूप कशाला?” मी घरच्या काट्यावर तीनदा वजन करून आलो होतो. त्यांनी बॅग एका हाताने उचलून “साडेबावीस” म्हटलं, आणि विमानतळाच्या काट्याने मान डोलवावी तसे साडेबावीसच दाखवले. विमानातून उतरताना दारात उभ्या असलेल्या वैमानिकाला थांबवून “वाटेत वारा कसा व्हता?” असं त्यांनी अगदी बरोबरीच्या नात्याने विचारलं. त्या बिचाऱ्याला मराठी येत नव्हतं, पण त्याने टोपी काढून हात मिळवला. आयर्लंडला पट्ट्यावर जाळ्यातली बॅग आली तेव्हा लोक दोन पावलं मागे सरले. आत काहीतरी जिवंत आहे अशी त्यांची समजूत झाली असावी.

या प्रवासाला एक कामगिरी होती. विहीणबाईंच्या गुडघ्यांनी त्यांना घरी बसवलं होतं. नात त्यांनी पाहिली होती ती फोनच्या काचेतून. तिचं पहिलं जावळ दर्याला वाहीन असा त्यांचा नवस होता, आणि निघताना त्यांनी आम्हाला बजावलं होतं, “पोर न्हाय आनलंत तरी चालंल, जावळ आना.” त्याप्रमाणे आयर्लंडला नातीला मांडीवर घेऊन मी बसलो, जावळ निघालं, पुडी झाली. व्याही ती सदऱ्याच्या खिशात ठेवणार होते. पण नियम सांगण्याची माझी खोड जुनी. “केस तपासणीत फेकून देतात,” असं ठणकावून मी ती पुडी माझ्या मोठ्या बॅगेत टाकली. असा नियम कुठेही नाही, हे मला नंतर कळलं.

परतीचं विमान दिल्लीला उतरणार आणि तिथून दुसरं मुंबईचं. बॅगेच्या चिठ्ठीवर मुंबई लिहिलेलं मी स्वतः वाचलं होतं. “सामान थेट मुंबईला. दिल्लीत हात लावायचा नाही,” मी जाहीर केलं. व्याही दिल्लीत पट्ट्यापाशी थबकले. “ईवाय, आपल्या देशाचं पयलं बंदर कंचं? ह्येच ना? मंग माल पयल्या बंदराला उतरवाचा, दाखवाचा, मंग फुडं न्यावाचा.” मी म्हणालो, “ही होडी नव्हे, विमान आहे,” आणि त्यांना पट्ट्यापाशीच सोडून तरातरा कस्टमच्या दारातून बाहेर पडलो.

बाहेर मुंबईच्या विमानाचं सामान घेणाऱ्या काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “बॅग कुठे आहे?” मी चिठ्ठी पुढे केली. तिने शांतपणे सांगितलं, की परदेशातून आलेलं सामान इथेच उचलायचं, कस्टममधून न्यायचं आणि पुन्हा तिच्याकडे द्यायचं. मी मागे वळलो, तर दारावरचा शिपाई आत सोडेना. बॅगेचं मला काही वाटलं नाही, दहा सदरे गेले असते. पण विहीणबाईंना काय सांगणार होतो? मला चिठ्ठी वाचता येते म्हणून तुमच्या नातीचं जावळ दिल्लीला गोल गोल फिरतंय, असं?

आत तोवर वेगळाच गोंधळ चालला होता, तो मला पुढे विमानात कळला. कस्टमच्या साहेबाने जाळं बघून विचारलं, “क्या है इसमें?” आणि आमच्या तांडेलांनी दर्यावरच्या सवयीने सांगितलं, “माल है साब.” झालं. त्यांनी पट्ट्यावरून उचललेल्या आमच्या दोन्ही बॅगा रिकाम्या झाल्या. शेवटी पुडी निघाली. “पोती का बाल है साब, पयला बाल. उसकी आजी राह देखती है.” साहेबाने पुडी पुन्हा मिटली, स्वतःच्या हाताने बॅगेत ठेवली, आणि जाळ्याची ती गाठ पुन्हा मारायचा प्रयत्न करून नाद सोडला.

अर्ध्या तासाने दार उघडलं आणि ढकलगाडीवर दोन बॅगा घेऊन व्याही आले. चेहरा अगदी साळसूद. “ईवाय, तुमचं सामान थेट मुंबईला चाललं व्हतं ना? वाटेत भेटलं, म्हनून घेऊन आलो.” एवढं बोलून त्यांनी माझी बॅगही स्वतःच काउंटरवर चढवली, आणि याची मला आजही लाज वाटते.

कोळीवाड्यात घरी विहीणबाईंनी पुडी उघडली आणि नाकाशी धरली. “साबनाचा वास येतो. तेल लावीत न्हाईत वाटतं पोरीला,” एवढंच बोलल्या. दुसऱ्या दिवशी जावळ वाहायचं म्हणून मी मुक्काम केला. सकाळी व्याही दर्याकडे बघून म्हणाले, “आज भरती बरोबर न्हाय.” मी अलिबागला परतलो. आठ दिवसांनी फोन केला, तरी भरती बरोबर नव्हतीच. विहीणबाई पुडी उशाशी घेऊन झोपतात, हे मला मुलीकडून कळलं होतं. चाळीस वर्षं दर्यावर काढलेला माणूस बायकोसाठी दर्याच्या नावावर खोटं बोलत होता, आणि ते त्याला धड जमतही नव्हतं.

“खरं आहे, तांडेल,” मी फोनवर म्हणालो. “इकडे अलिबागलासुद्धा बरोबर नाही.”