पाण्याखालच्या गावचा खलील

पिंपात तांब्या बुडवण्याआधी खलील पिंपावर दोनदा टकटक करायचा. पाहुण्याने दार वाजवावं तशी. क्षणभर थांबायचा आणि मगच पाणी घ्यायचा. "अंदरवालों को मालूम पड़ना चाहिए," एवढंच त्याचं स्पष्टीकरण. महिन्याभराने मी अंबरनाथच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात माठावर टकटक करताना पकडला गेलो, तेव्हा साहेबांनी मला दोन दिवस घरी आराम करायला सांगितलं.

ही सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये एका सिंधी अम्माच्या माडीवर आम्ही दोघं भाडेकरू होतो. खलील सूदानचा, तिशीतला, बायकोला गावी ठेवून इथे शिकायला आलेला. उंच इतका, की आमच्या दारातून वाकून यायचा. पहिल्याच दिवशी मी अक्कल पाजळली आणि गल्लीभर सांगून आलो, की आमच्याकडे पिरॅमिडवाला राहायला आलाय. खलील रागावला नाही. "मिस्र नहीं. सूदान भी काग़ज़ पे. हम नूबिया का आदमी," म्हणाला.

"वो किधर आया?" अम्माने विचारलं.

"पानी के नीचे."

तो लहान असताना नील नदीवर मोठं धरण झालं आणि त्याचा अख्खा मुलूख बुडाला. निघताना बायकांनी थडग्यांवर पाणी शिंपडलं, घरांना कुलपं लावली आणि किल्ल्या बरोबर नेल्या. सरकारने दूरच्या माळावर नवी गावं दिली. त्यांना नावं नव्हती, नुसते नंबर. "इधर भी कैंप नंबर दो. एकदम घर जैसा," असं तो अगदी गंभीरपणे म्हणायचा. नूबिया म्हणजे सोनं, असं काही लोक सांगतात म्हणे. "सोना दूसरे ले गए. नाम बचा था, उस पे पानी छोड़ दिया." अम्माचं स्वतःचं गाव सिंधूकाठचं, फाळणीत सुटलेलं. तिने त्याच्या ताटात आणखी एक फुलका टाकला.

खलील सुट्टीत गावी जाऊन आला, त्यानंतरच्या उन्हाळ्यात तार आली. खलीलला मुलगी झाली होती. मी पेढे आणायला निघालो, तर त्याने माझा दंड घट्ट धरला. याआधीची त्याची दोन मुलं तान्ही असतानाच गेली, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांच्याकडे बाळाच्या सातव्या दिवशी नदीवर जातात, पाण्याखाली राहणाऱ्यांना घास देतात आणि बाळाचं नाव सांगतात. ओळख पटली की ते बाळाला सांभाळतात. नाही पटली, तर घेऊन जातात. आणि नव्या गावात नदी नव्हती, नुसता कालवा.

"कनाल में अपना कोई नहीं रहता. डूबे गाँव के लोग चाहिए. नीचे से सब पानी एक है, वो आगे बोल देंगे. इधर है कोई डूबा गाँव?"

"है ना. बदलापुर के आगे, बारवी डॅम में."

"नाम?"

मला काय ठाऊक? पण 'माहीत नाही' म्हणायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. "वडाचीवाडी," मी ठोकून दिलं.

सातव्या दिवशी अम्माने डब्यात गोड भात दिला. "उनको बोलना, कैंप दोवाली अम्मा ने भेजा है."

धरणावर पोहोचलो तेव्हा दुपार टळली होती. पाणी खाली गेलेलं, मेलेल्या झाडांचे काळे बुंधे वर आलेले. वारा पडला होता. खलील गुडघाभर पाण्यात उभा राहिला. वडाचीवाडीला हाक मारली, मुलीचं नाव सांगितलं. दहब, म्हणजे सोनंच. मग भाताचा घास सोडला.

घास बुडाला नाही. सावकाश तरंगत मागे आला आणि त्याच्या पायाला लागून थांबला. दुसराही तसाच आला. मी रसायनवाला. म्हटलं, तुपामुळे होत असेल.

खलीलचा चेहरा राखेसारखा झाला होता. "नाम बरोबर है ना? आज का ही दिन है."

मागे शेळ्या चारणारी एक म्हातारी हसली. "वडाचीवाडी? आसा गाव हितं कवाच नव्हता, भाऊ. कोनी सांगला?"

मी शेळ्यांकडे बघू लागलो.

"मग खरं नाव काय, आजी?"

"पान्याजवल नाय घेत आमी त्याचा नाव."

"का?"

"ओ देतात."

मी हे खलीलला हिंदीत सांगितलं. सांगताना हसायचा माझा विचार होता, पण जमलं नाही. "वही चाहिए," तो म्हणाला, आणि दोन्ही बाळांची गोष्ट मला त्या म्हातारीला सांगायला लावली. तिने ऐकून घेतलं. मग त्याला खाली वाकवलं आणि कानात नाव सांगितलं.

त्याने हाक मारली. घास दगडासारखा बुडाला. पुढचे सगळेच बुडाले. आणि मधोमध, जिथे नुसतं पाणी होतं, तिथून बाईमाणसाच्या आवाजात शांतपणे "ओ" आली.

प्रतिध्वनी, मी लगेच म्हणालो. प्रतिध्वनी असता तर गावाचं नाव परत आलं असतं, एवढं शास्त्र मलाही येत होतं. म्हातारीने पदर डोक्यावरून पुढे ओढला. "सासू हाय माजी," म्हणाली, आणि शेळ्या हाकत झपाझप चढावर निघून गेली.

पुढच्या वर्षी खलील मायदेशी परतला. काही काळाने फोटो आला: भिंतीला धरून उभी राहिलेली, जाडजूड, रागीट चेहऱ्याची दहब. फोटोच्या मागे त्याने लिहिलं होतं की मुलीच्या नावाला ते गावाचं नावही जोडलंय, आणि नंबरच्या गावात तिची आई रोज संध्याकाळी तिला त्या पूर्ण नावाने हाक मारते.

ते नाव इथे लिहायला खरं तर काही हरकत नव्हती. पण मी हल्ली अंबरनाथ पूर्वेला राहतो, आणि आमच्या नळाला त्याच धरणाचं पाणी येतं.