जावईबापूंची कबुली

ती घटना आठवली की आजही माझे कान तापतात. पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त होऊन मी नुकतीच आयर्लंडला, कासलबारला लेकीकडे राहायला आले होते. खाकी उतरली होती, पण डोक्यातली टोपी जागेवरच होती.

खबर दिली सात वर्षांच्या नातीने. शाळेतून येऊन म्हणाली, "आजी, माय लाइट इज विंकिंग." तिच्या पलंगाच्या बरोबर वर छतात बसवलेला गोल दिवा आपोआप विझायचा, थोड्या वेळाने आपोआप लागायचा. मी खोलीत गेले. जळका वास. पोलिसाचं नाक, वास आला की वस्तू नाही, माणूस शोधायचं. लेक हॉस्पिटलात ड्युटीवर. उरले जावई. थंडी अडवायला माळ्यावर लोकरीसारखं जाड अस्तर पसरायला ते नुकतेच चढले होते. शिवाय लग्नाआधी सिगारेट ओढायचे, हे मी विसरले नव्हते.

ठाण्यातली रीत अशी, की संशयिताला भिंतीकडे बसवायचं, विचारायचं आणि गप्प राहायचं. घर म्हणून चहा ठेवला, एवढीच सवलत.

"माळ्यावर काय करत होतात, जावईबापू?"

"अस्तर घालत होतो, आई."

"मग वास कसला?"

"कसला वास?"

"मला विचारता? जन्म गेला माझा हे ऐकण्यात."

मी गप्प. चहावर साय धरली. शेवटी ते म्हणाले, "हो आई. एक ओढली."

तपास संपला. मिशा नव्हत्या, नाहीतर मी पीळ दिला असता.

दुसऱ्या दिवशी आरोपी ऑफिसात आणि वास खोलीत. दिवा पुन्हा मिचकावू लागला. मी मेन स्विच बंद केला, शिडी लावून माळ्यावर गेले आणि दिव्यावरचं अस्तर उचललं. खालून ते करपलं होतं. शेजारची लाकडी तुळई काळवंडली होती. या सगळ्याखाली आमची पोर झोपत होती.

संध्याकाळी तो करपलेला तुकडा मी जावयांसमोर ठेवला. ते हळूच म्हणाले, "आई, मी दिव्यांभोवती जागा मोकळी सोडली होती. दुकानदाराने बजावलं होतं. तुम्ही वर डोकावून म्हणालात, 'ही भोकं कशाला, सगळी ऊब इथूनच पळते.' म्हणून झाकलं."

"आणि सिगारेट?"

"नव्हती ओढली. तुम्ही उठूच देईनात."

इलेक्ट्रिशियन आला. दिवा फार तापला की आपोआप विझतो आणि निवला की लागतो, हे त्याने सांगितलं. त्याने कमी तापणारे दिवे बसवले, प्रत्येकावर आग न पकडणारी टोपी घातली आणि अस्तर त्या टोपीला भिडवून नीट लावलं. घराची ऊब कोंडायची, दिव्याची नाही, एवढंच ते शास्त्र. "ग्रँड नाऊ," म्हणजे आता सगळं ठीक, म्हणाला आणि गेला. नात त्याच पलंगावर झोपते, खोली उबदार असते.

मी जावयांची माफी मागितली. ते हसले, "जाऊ द्या हो आई." पण ते जात नाही. त्या वेळची ती बाई आज भेटली, तर आधी तिलाच भिंतीकडे बसवीन. माझ्या खात्यावर कबुलीजबाब पुष्कळ होते आणि मला त्यांचा फार अभिमान होता. इथे शिकल्यासवरल्या घरच्या माणसाने एका चहाच्या कपापुढे न केलेला गुन्हा मान्य केला.

ठाण्यात माझ्यासमोर बसलेल्यांना तर चहाही नव्हता.