माझ्याच नोकरीची जाहिरात

मी अमेरिकेला निघाले, तेव्हा सीबीएस स्टँडवर मला मुंबईच्या एसटीत बसवून वडील खिडकीशी उभे राहिले. आम्ही त्यांना दादा म्हणतो. मखमलाबादला आमचा भाजीचा मळा. मार्केटला माल उतरवून दादा तसेच आले होते, सदऱ्याला मेथीचा वास येत होता. म्हणाले, "तिकडं बी पाटी नीट भर, बाई. वर हाय तेच खाली." वर टवटवीत वांगी आणि खाली किडकी, असली पाटी आमच्याकडून कधी गेली नाही. आम्ही पोरांनी भरलेली पाटी दादा पालथी करून बघायचे.

दोन हजार साल जवळ आलं होतं, अमेरिकेला कॉम्प्युटरवाले हवे होते. व्हिसा कंपनीच्या हातात. नोकरी गेली की देशही सुटणार, म्हणून आम्ही व्हिसावाले कुरकुर करत नसू. आणि कुरकुर करत नाही म्हणूनच आम्हाला घ्यायचे. मी मात्र घरी लिहायची, हुशारीवर घेतलं.

चार वर्षांनी ग्रीन कार्डची वेळ आली. नियम असा, की माझ्या जागेची आधी जाहिरात द्यायची. लायक अमेरिकन मिळाला नाही, तरच माझी फाईल पुढे सरकणार. मॅनेजरने जाहिरात मलाच लिहायला सांगितली, माझ्याशिवाय कुणी बसणार नाही अशी. मी लिहिली. सगळेच लिहायचे.

तरी एक अर्ज आला. पन्नाशीचा माणूस, जुनी कंपनी बंद पडून घरी बसलेला. त्याला सगळं येत होतं, काही गोष्टी माझ्याहून चांगल्या. मॅनेजर म्हणाला, याच्यात खोट काढून दे.

मी लिहून दिलं, "या माणसात खोट नाही. खोट जाहिरातीत आहे आणि ती मी लिहिली आहे." खाली सही केली.

कंपनीने त्यालाही घेतलं नाही आणि मलाही ठेवलं नाही. त्याला घेतलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं, सही केल्याचं नाही. तिकडे राहिलेल्या मैत्रिणींनो, मला खुशाल वेडी म्हणा. इकडच्या नातेवाइकांनो, मला कुणी हाकललं नाही. सही करताना पुढचं सगळं ठाऊक होतं. मी आले.

दादांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "चहा घे अन् मळ्यात ये. वांगी तोडून पडलीत."

घर म्हणजे काय, हे मला त्या दुपारी कळलं. मी पाटी भरली. दादांनी ती पालथी न करता तशीच डोक्यावर घेतली.