नानांच्या गाडीखालचा कागद

घरमालकीण काकूंचा फोन आला तेव्हा मी सॉल्ट लेकच्या आमच्या बँकेत होतो. "नाना गेले रे... चहा मागितला, आणि मी आणेपर्यंत..." त्याला आता दीड महिना झाला. माणूस गेल्याचं दुःख आहेच, पण मला सलतंय ते वेगळंच. मला नानांना एक गोष्ट सांगायची होती. तीन वर्षं ते रोज समोर दिसत होते, आणि मी शहाणा योग्य वेळ शोधत बसलो!

बदली होऊन कोलकात्यात आलो तेव्हा ज्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिलो, ते हे नाना. जन्म इथलाच, सगळी नोकरी गार्डन रीचला जहाजांच्या कामावर. मराठी अगदी आपल्यासारखं, फक्त चिडले की तोंडून बंगाली "धुर!" निघायचं. वडिलांची जुनी मोटरसायकल त्यांनी जिवापाड जपली होती. संध्याकाळी गाडी लावली की इंजिनाखाली बंगाली वर्तमानपत्र अंथरायचे आणि सकाळी चष्मा चढवून त्यावर तेलाचा डाग शोधायचे. जुनी गाडी गळणारच, असं कुणी म्हटलं की भडकायचे. "गळणारच काय? कव्हर नीट बसवत नाहीत लेकाचे!"

इंजिनाचं कव्हर बसवणं हा त्यांचा सोहळाच. आधी ते काचेवर पालथं ठेवून डुगडुगतं का बघायचं, कडेवरून बोट फिरवायचं, सांध्यात बसवायचं जाड कागदाचं पॅकिंग स्वतः कापायचं, मग समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं, अर्धा-अर्धा फेरा. मी जोर लावला की म्हणायचे, "आस्ते रे! कुस्ती खेळायची नाहीये." त्यांची गाडी वर्षानुवर्षं कोरडी होती.

तीन वर्षांपूर्वी नाना-काकू महिनाभर लेकीकडे नागपूरला गेले. गाडीची किल्ली माझ्याकडे; गाडी फिरवून आणली की मीही खाली कागद अंथरायचो. एका सकाळी कागदावर थेंब दिसला, आणि माझ्या अंगात आलं... नाना यायच्या आत दुरुस्त करून टाकू! कव्हर घट्ट चिकटलेलं. नानांनी लाकडी हातोडीनं भोवतीनं हलके ठोके दिले असते. मी सांध्यात स्क्रूड्रायव्हर खुपसला आणि उचकटलं. कच्चकन आवाज झाला, कव्हरच्या कडेला नखाएवढी खाच. खाचेत धातूच्या भेगा बुजवायचा करडा लेप भरला, घासून सपाट केला, कव्हर लावलं आणि गप्प बसलो.

नाना आले, तरी थेंब होताच. इंजिन तापलं की माझा लेप सैल व्हायचा. त्यांनी तीनदा कव्हर उघडलं, तीन नवी पॅकिंग कापली. कडेवरून बोट फिरवलं, पण माझा लेप गुळगुळीत, त्यांना दोष सापडेना. तिसऱ्यांदा थेंब दिसला तेव्हा हातांकडे बघत म्हणाले, "बोटं गेली रे माझी." तेव्हाच सांगायला हवं होतं. मी काय म्हणालो? "वय झालं नाना, चालायचंच." असं मी म्हणालो! त्यांनी हत्यारं ट्रंकेत भरली, गाडीवर चादर टाकली. ती पुन्हा काढली नाही.

तेराव्यानंतर मी काकूंकडून किल्ली मागून घेतली. लेप खरवडला, खाच वेल्डिंगनं भरून आणली, नानांच्याच काचेवर पॉलिश पेपर ठेवून चार संध्याकाळी कव्हर घासलं. बोल्ट अर्धा-अर्धा फेरा. गाडी फिरवून आणली, खाली कागद अंथरला. सकाळी तो कोरडा होता. तो घेऊन काकूंकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी तो कागद हातात घेतला. मग म्हणाल्या, "रोज जेवायला बसले की हात पुढे करायचे रे... मला विचारायचे, बघ गं, थरथरतात का."

मी अजून रोज संध्याकाळी गाडीखाली कागद अंथरतो. सकाळी तो कोरडा निघतो, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.