साळिंदराचा मागचा पाय

प्रकाशबद्दल खरं तर त्याच्या घरच्यांनी किंवा आमच्या मॅडमनी लिहायला हवं. मी त्याला फार वर्षं ओळखत नव्हतो, आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच... असं काही लिहायची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

तो दहिसरच्या चाळीतला, मी मरोळचा. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत आमचं टेबल एकच. आरे कॉलनीच्या रस्त्यावर गाडीखाली मेलेलं साळिंदर वनखात्याने कॉलेजला दिलं, तेव्हा सांगाडा उभा करायला कोण तयार आहे, असं मॅडमनी विचारलं. प्रकाशने हात वर केला. माझाही त्यानेच धरून वर केला. मांस कुजून जावं म्हणून कॉलेजच्या मागच्या अंगणात पुरलेल्या साळिंदराची हाडं काही महिन्यांनी काढून आम्ही धुतली, वाळवली. पुढच्या पायांची हाडं आखूड, दणकट, जमीन उकरणाऱ्याची. "माझ्या बापाचं मनगट असंच आहे बघ," तो म्हणायचा.

मागच्या पायाला मात्र आमची वाट लागली. आम्ही शिकलो होतो सशावर. सशाच्या नडगीचं हाड आणि त्याच्या शेजारचं बारीक हाड खाली एकजीव झालेलं असतं. म्हणून साळिंदराचीही ती दोन हाडं आम्ही मन लावून चिकटवून टाकली. त्याची ती सुटीच असतात. मॅडमनी चष्मा वर केला. "हे साळिंदर आहे की ससा?"

"काटेवाला ससा, मॅडम," प्रकाश म्हणाला. सगळा वर्ग हसला.

गरम पाण्यात ठेवून आम्ही हाडं सोडवली. त्याच आठवड्यात प्रकाशचे डोळे पिवळे दिसू लागले. कावीळ. गावच्या औषधाने उतरते म्हणून घरचे त्याला कोकणात घेऊन गेले. निघताना मला म्हणाला, "एकट्याने पाय जोडू नकोस हां, येड्या. दोघांनी बिघडवलाय, दोघंच जोडू."

मी थांबलो. सांगाडा तीन पायांवर, चौथ्याच्या जागी लाकडी ठोकळा. "अरे, टाक ना जोडून," मॅडम म्हणायच्या. येईलच तो, मी म्हणायचो.

एका दुपारी त्याची ताई प्रयोगशाळेच्या दारात आली. मला वाटलं, प्रकाशनेच पाठवलं असेल. मी तिला घाईघाईने टेबलाशी नेलं, कापसात ठेवलेली दोन्ही हाडं दाखवली. म्हटलं, "ताई, त्याला सांगा, मी अजून जोडलेली नाहीत. कधी येतोय तो?"

ती हाडांकडे बघत राहिली...

"प्रकाश गेला रे," ती म्हणाली. "सोमवारीच."